काळोखाच्या गोष्टी आणि वाढत्या वयाची मुले

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावी शिक्षकांच्या एका बैठकीत बोलण्याचे मला निमंत्रण होते. दिवस उलंगवाडीचे होते. कापसाची शेवटची वेचणी आटोपून पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या. बैठक संपली, चहा झाला, आणि तालुक्यातल्याच एका खेड्यातील शाळेचे गुरुजी मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "सर, एक विचारायचं होतं. मी केलं ते बरोबर का चूक, तेवढं सांगा."

हकीगत अशी होती. हे गुरुजी आठवीच्या वर्गाला दर शनिवारी एखादे पुस्तक वाचून दाखवीत. त्या वर्षी त्यांनी साने गुरुजींची 'श्यामची आई' घेतली होती. मुले रंगून ऐकत. वाचता वाचता ते कर्जाच्या प्रकरणापर्यंत आले. सावकाराचा माणूस दारी येऊन बसतो आणि श्यामच्या आईला नाही नाही ते ऐकून घ्यावे लागते, असा तो भाग. वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसला होता. त्याच्या बापाने त्याच हंगामात कर्जापायी आपले जीवन संपविले होते. गुरुजी म्हणाले, "माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मी पुस्तक मिटलं आणि पोरांना गणितं घातली. पुढच्या शनिवारी ते प्रकरण गाळून पुढचं वाचलं."

गोष्ट एवढ्यावर संपली असती. पण चार दिवसांनी तोच मुलगा मधल्या सुट्टीत गुरुजींकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, ते पुस्तक मले द्या ना. तुम्ही गाळलं ते मले वाचाचं हाय." गुरुजींनी पुस्तक दिले नाही. परीक्षा झाल्यावर देतो म्हणाले आणि कपाटाला कुलूप लावले. "तेव्हापासून तो पोरगा माझ्याशी धड बोलत नाही, सर. मी त्याचं भलंच पाहिलं ना?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. बसची वेळ झाली होती, हे निमित्त बरे सापडले. पण प्रश्न मनात राहिला. बारा ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हाती मृत्यू, कर्ज, भूक, अपमान, क्रौर्य यांनी भरलेली पुस्तके द्यावीत काय? हा प्रश्न एकट्या त्या गुरुजींचा नाही. आपल्या भाषेत तो दोनशे वर्षे या ना त्या रूपाने विचारला जात आहे. म्हणून आज त्याचा थोडा इतिहास आपणांपुढे मांडावा म्हणतो.

प्रथम छापील पुस्तकांच्याही आधीचा काळ पाहू. आपल्याकडे मुलांना गोष्टी मिळत त्या आजीच्या तोंडून, जात्यावरच्या गाण्यांतून आणि देवळातल्या पोथी-कीर्तनांतून. या गोष्टी काय सगळ्या गुळचट होत्या? चिलया बाळाची कथा आठवा. श्रीयाळ राजा आणि चांगुणा राणी यांच्या दारी अतिथीच्या रूपाने प्रत्यक्ष शंकर येतो आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या मांसाचे भोजन मागतो. आईने मुलाचे मस्तक उखळात कांडायचे, तेही डोळ्यांत पाणी न आणता! श्रीधराच्या 'शिवलीलामृता'त ही कथा आहे आणि बायकांच्या गाण्यांतून ती घरोघर पोचली आहे. तीच गोष्ट राजा हरिश्चंद्राची. राज्य गेले, राजा डोंबाघरी राबला, कोवळा रोहिदास सर्पदंशाने गेला आणि तारामती त्याचे प्रेत घेऊन मसणात आली. याहून काळीकुट्ट गोष्ट जगाच्या कोणत्या वाङ्मयात सापडेल?

आणि या गोष्टी मुले ऐकत होती. कोणी त्यांना "तू उठून बाहेर जा" म्हणत नसे. मात्र दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, ऐकणारे मूल एकटे नसे. आजीच्या मांडीला मांडी लावून किंवा देवळात बापाच्या कुशीत बसून ते ऐकत असे. दुसरी म्हणजे, शेवटी चिलया हाक मारताच धावत येतो आणि रोहिदास उठून बसतो. काळोख दाखवायचा, पण मुलाला तिथेच सोडून यायचे नाही, अशी ती रीत होती. ही रीत कोणी ग्रंथात लिहून ठेवली नव्हती, पण सांगणाऱ्या बायकांना ती पक्की ठाऊक होती.

पुढे इंग्रजी अमदानीत छापखाने आले, शाळा आल्या आणि मुलांसाठी म्हणून वेगळी पुस्तके निघू लागली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास 'इसापनीती' आणि 'बाळमित्र' मराठीत आणले. पुढे १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' मासिक सुरू केले आणि १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' काढले. या मंडळींचे उपकार मोठे आहेत. मराठी मुलांना त्यांनी वाचायला शिकविले. पण त्या पहिल्या काळातल्या बोधकथांमध्ये काळोखाचे काम बदलले. खोटे बोलणाऱ्या पोराला लांडग्याने खाल्ले, हट्ट करणारा विहिरीत पडला, आळशी भिकेस लागला! दुःख आले ते शिक्षा म्हणून. मूल शहाणे व्हावे यासाठी त्याला भीती घालायची, हा त्यातला हिशेब. युरोपातही त्या काळी असाच प्रघात होता. जर्मनीत १८४५ साली निघालेल्या 'स्ट्रुव्वेलपीटर' या चित्रपुस्तकात काडेपेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते आणि अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कापून नेतो.

अशा गोष्टींचा एक तोटा असतो. ज्या मुलाच्या घरी खरेच दुःख आले, त्याला वाटते की आपलेच काही चुकले असेल. बाप गेला, गाय मेली, पीक बुडाले. आता यात आठवीतल्या पोराचा काय अपराध? पण दुःख म्हणजे शिक्षा, असे एकदा मनात बिंबले की ते पोर गुन्हेगारासारखे खाली मान घालून वर्गात बसते. खेड्यातल्या शिक्षकांनी अशी मुले पाहिली असतील.

याच शतकात दुसरा एक झरा फुटला आणि तो फुटला एका मुलीच्या लेखणीतून. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातील मुलगी शिकत होती. वय असेल चौदाच्या आसपास. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांना इमारतीच्या पायात जिवंत पुरीत, तालमीवरून गेल्याबद्दल त्यांची शिरे उडवीत, हे तिने त्यात लिहिले. डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या बायकांना बाळंतपणात थंडीवाऱ्यात काय सोसावे लागते, हेही लिहिले. आणि सरळ देवालाच विचारले की आमचा धर्म कोणता?

श्रोतेहो, या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. चौदा वर्षांच्या मुलीने असले भयंकर वाचावे की नाही, अशी चर्चा आपण शहाणी माणसे करीत असतो. इथे तर चौदा वर्षांच्या मुलीने ते स्वतः लिहिले होते! कारण ते तिच्या घरातले होते. ज्या काळोखापासून मुलाला जपावे असे आपण म्हणतो, त्यात काही मुले जन्मालाच येतात. त्यांना तो काळोख पुस्तकाने दाखवावा लागत नाही. त्याला नाव काय द्यावे, एवढेच त्यांना पुस्तकाकडून हवे असते.

पुढे १८९० पासून हरी नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांच्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. यमू नावाची मुलगी आपली जन्मकथा स्वतः सांगते. बालपणीच लग्न, थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि मग सक्तीने केलेले केशवपन. ही कादंबरी काही मुलांसाठी लिहिलेली नव्हती. पण त्या काळची तेरा-चौदा वर्षांची मुलगी म्हणजे घरची सून. तिला कादंबरीतला काळोख अनोळखी कसा असणार? यमूच्या तोंडून तो मांडला गेला आणि हे आपल्याच नशिबाचे नसून समाजाच्या रूढीचे आहे, हे वाचणाऱ्यांना कळू लागले.

आता येतो तो साने गुरुजींचा काळ. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म कोकणात पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी झाला. खानदेशात अमळनेरला शिक्षकी करीत असता ते स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले आणि १९३२ साली तुरुंगात गेले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती लिहून घेणारे हेच साने गुरुजी. पुढे नाशिकच्या तुरुंगात असता ९ फेब्रुवारी ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढले. १९३५ साली पुस्तक निघाले. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले.

आपण या पुस्तकाला गोड पुस्तक म्हणतो, मुंजीत भेट देतो. पण जरा निरखून पाहा. त्यात काय काय आहे? एका सुखवस्तू घराची हळूहळू झालेली धूळधाण आहे. भाऊबंदकी आहे, कर्ज आहे, सावकाराच्या माणसाने दारात केलेला अपमान आहे, घरादारावर आलेली जप्ती आहे. धाकट्या भावंडाचा मृत्यू आहे. आणि शेवटी, मुलगा दूर शिकत असता आईचे मरण आहे. श्याम घरी पोचतो तो उशिराच. दुःखाची एवढी दाटी असलेले पुस्तक महाराष्ट्राने आपल्या मुलांच्या हाती निःशंक दिले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते छातीशी धरले. हे कसे झाले?

मला वाटते, याचे मर्म त्या पुस्तकाच्या मांडणीत आहे. श्याम मोठा झाला आहे. आश्रमात रात्री प्रार्थना झाल्यावर सोबती भोवती बसतात आणि तो आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. सांगणारा त्या दुःखातून पार होऊन आलेला आहे, हे ऐकणाऱ्याला पहिल्या पानापासून दिसत असते. मध्ये कोणी रडले तर शेजारी माणूस आहे. उद्या पुन्हा बसायचे आहे, हेही ठरलेले आहे. म्हणजे आजीच्या गोष्टीतली जुनीच रीत साने गुरुजींनी तुरुंगाच्या कोठडीत बसून पुन्हा उभी केली. फरक एवढाच, की इथे मेलेला रोहिदास उठून बसत नाही. आई परत येत नाही. परत येते ते तिचे शिकविणे.

याच काळात वाढत्या मुलांच्या हाती दुसराही एक काळोख पोचत होता. त्याला मी करमणुकीचा काळोख म्हणतो. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी मराठीत अद्भुत कादंबऱ्या आणल्या. पुढे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी तर घरे भरून टाकली. त्यांचा धनंजय आणि काळा पहाड मुलांना पाठ असत. त्यानंतर नारायण धारप आले. मी स्वतः चौदा वर्षांचा असताना धारपांची भयकथा माळ्यावर लपून वाचली आणि पुढचे आठ दिवस रात्री अंगणात जायला धाकट्या भावाला सोबत नेत होतो. बापाने पुस्तक पकडले तेव्हा तो फक्त म्हणाला, "अभ्यासाचं वाच, बापा. भुतं काय, घरी कमी हायत का?" त्या वर्षी सोसायटीच्या कर्जाची नोटीस आली होती, हे मला पुष्कळ नंतर कळले.

अशा पुस्तकांची मोठ्या माणसांना फार धास्ती वाटे. १९५० नंतर ही धास्ती जगभर पसरली. अमेरिकेत भयंकर चित्रकथांचे पीक आले होते. फ्रेड्रिक वर्थाम नावाच्या मानसोपचार डॉक्टरांनी १९५४ साली पुस्तक लिहून या चित्रकथा मुलांना गुन्हेगार बनवितात असे बजावले. तिथल्या सिनेटमध्ये चौकशी झाली आणि प्रकाशकांनी त्याच वर्षी आपणहून बंधने घालून घेतली. इंग्लंडने १९५५ साली कायदा केला. आपल्या संसदेनेही १९५६ साली कोवळ्या वयाच्या व्यक्तींना अपायकारक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. वीस वर्षांखालील व्यक्ती ही त्यात कोवळ्या वयाची धरली होती. ज्यातील गोष्टी सर्वस्वी किंवा मुख्यतः गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाण्या घटना रंगवितात, आणि ज्याने एकंदरीत कोवळे मन बिघडेल, असे प्रकाशन विकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अशी त्यात तरतूद होती.

कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आणि त्यांनी घातलेली एक अट मोलाची आहे. पुस्तकात हिंसा आहे की नाही, एवढेच पाहायचे नाही. ते पुस्तक एकंदरीने मनाला कोठे नेते ते पाहायचे. नुसता काळोखच मोजायचा म्हटला, तर महाभारतसुद्धा कपाटात बंद करावे लागेल. द्रौपदीची विटंबना, अभिमन्यूचा वध, झोपलेल्या पांडवपुत्रांची कत्तल! महाभारताच्या शेवटी विजयाचाही आनंद उरत नाही, आणि म्हणूनच ते मुलांना द्यावे. जिथे मारणारा मजेत असतो आणि मरणाऱ्याला नावही नसते, ते पुस्तक मात्र हातात देताना मी दहादा विचार करीन.

आपल्या विदर्भाकडे वळू. १९६० साली उद्धव शेळके यांची 'धग' कादंबरी आली. वऱ्हाडी बोलीत बोलणारी कौतिक, तिचा हरघडीचा झगडा, नवऱ्याला जडलेला महारोग. हेही पुस्तक मोठ्यांसाठीचे. पण मी कॉलेजात शिकविताना पाहिले आहे, की पहिल्या वर्षाला आलेली सतरा-अठरा वर्षांची खेड्यातली मुले या पुस्तकापाशी येऊन थांबतात. एका मुलीने मला विचारले होते, "सर, आमच्या आईसारखं बोलणारी बाई पुस्तकात चालते?" तिला कौतिकच्या दुःखाचे नवल वाटले नाही. ते दुःख छापण्याच्या योग्यतेचे मानले गेले, याचे नवल वाटले.

मग १९७० नंतर दलित आत्मकथने आली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली. यांतील बराच भाग बालपणाचा आणि शाळकरी वयाचा आहे. सोनकांबळे यांच्या पुस्तकात आईबाप नसलेला, बहिणीच्या घरी राहून शिकणारा मुलगा आहे. भूक त्याचा पाठलाग सोडीत नाही. अशा पुस्तकांतले उतारे पुढे पाठ्यपुस्तकांतून येऊ लागले. तेव्हा काही घरांतून कुरकुर झाली, की मुलांना हे असले कशाला? ज्यांच्या घरी ते घडले होते, त्यांनी मात्र ही कुरकुर केली नाही. इकडे पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे 'बालभारती'ने, १९७१ साली 'किशोर' मासिक सुरू केले आणि चांगल्या लेखकांचे लेखन थोड्या पैशांत खेड्यापाड्यांत पोचविले.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवनाचा शेवट केला. त्या दिवसाची आठवण म्हणून पुष्कळ लोक १९ मार्चला अन्नत्याग करतात. त्यानंतर या जिल्ह्याने अशी किती घरे पाहिली, ते आपणांस सांगायला नको. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन कळंब तालुक्यातील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. कर्जापायी त्यांचे पती गेले होते. साहित्याच्या मांडवात एका कास्तकाराची विधवा पत्नी उभी राहून बोलली आणि सगळा मांडव ऐकत राहिला.

म्हणजे मोठ्यांच्या साहित्याने हे दुःख दारात घेतले आहे. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' या शेतकरी जीवनावरच्या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण बारा-चौदा वर्षांच्या ज्या मुलाच्या घरी हे घडले, त्याने वाचावे असे आपल्याकडे किती आहे? फार थोडे. म्हणून तो 'श्यामची आई'कडे येतो. कोकणातल्या एका घराची शंभर वर्षांपूर्वीची कथा, पण सावकाराच्या माणसाचा आवाज त्याला ओळखीचा वाटतो.

इथे एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. साने गुरुजींनी स्वतः ११ जून १९५० रोजी आपले जीवन संपविले. शिक्षक ही गोष्ट मुलांना सांगायला कचरतात आणि ते मी समजू शकतो. पण मोठी मुले कोठून तरी ती ऐकतातच. तेव्हा ती लपवू नये; आणि तिला त्यागाचा मुलामाही देऊ नये. एवढेच सांगावे, की ज्याने लाखो मुलांना धीर दिला, त्या माणसाचे मन त्या दिवसांत फार खचले होते. त्या वेळी त्यांना आधार मिळता तर किती बरे झाले असते. मन खचणे हा आजार आहे, त्यावर माणसांचा आणि औषधांचा इलाज आहे. कोणा मुलाच्या बोलण्यात असा काही सूर दिसला, तर शिक्षकाने त्याला एकटे सोडू नये. घरच्यांशी बोलावे, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

एवढ्या इतिहासातून आपण काय घ्यायचे? मला तीन गोष्टी दिसतात. शिक्षक बंधुभगिनींनी त्या तपासून पाहाव्यात.

पहिली गोष्ट ही की, पुस्तक देण्याआधी आपण ते पूर्ण वाचावे. नाव ऐकून देऊ नये आणि नाव ऐकून नाकारूही नये. त्यात मरणाऱ्याला नाव आहे काय, सोसणाऱ्याला मान आहे काय, हे पाहावे.

दुसरी गोष्ट सोबतीची. असे पुस्तक हातात देऊन आपण मोकळे होऊ नये. आजी काय करीत होती? ती जवळ बसत होती. दोन-चार दिवसांनी सहज विचारावे, कुठवर आलास? बोलला तर ऐकावे. न बोलला तर आग्रह धरू नये. आणि वर्गात सगळ्यांपुढे त्याच्या घरच्या दुःखाकडे कधीही बोट दाखवू नये. साठ डोळे एकदम आपल्याकडे वळले, तर त्या मुलाला पुस्तकाचाच नव्हे, शाळेचाही कंटाळा येईल.

तिसरी गोष्ट, मूल आपणहून मागत असेल तर ते पुस्तक नाकारण्याआधी फार विचार करावा. मागणाऱ्या मुलाला आपल्या दुःखाची जाण असते. जगात इतरत्रही हेच दिसते. अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीने १९४२ सालापासून, तेरा वर्षांची असल्यापासून, मुख्यतः लपून राहिलेल्या घरात आपली रोजनिशी लिहिली. १९४५ साली ती छळछावणीत मरण पावली. जगातली तिच्याच वयाची मुले ती रोजनिशी आजही मागून घेऊन वाचतात. भीती वाढावी म्हणून का ती वाचतात? दुसऱ्या कोणालाही असेच वाटत होते, हे त्यांना त्यातून कळते.

आता पुन्हा बाभुळगावकडे. घरी आल्यावर मी त्या गुरुजींना पत्र लिहिले. तुमचे मन चांगले होते, पण कुलूप काढा, एवढेच त्यात होते. पुस्तक द्या आणि त्या दिवशी शाळा सुटल्यावर घाईने घरी जाऊ नका. महिनाभराने त्यांचे उत्तर आले. मुलाने पुस्तक तीन दिवसांत वाचून आणले होते. दोघे शाळेच्या ओट्यावर बसले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "गुरुजी, श्यामले सावकाराचा राग आला, पण त्याले बापाचाही राग येत होता का हो?"

गुरुजींनी लिहिले होते, "मी त्याला म्हणालो, येत असेल बेटा, आणि राग आला म्हणून माया कमी होत नाही. मग तो रडला. वर्षभरात पहिल्यांदा रडला, असं त्याची माय सांगत होती."

गाळलेल्या पानांत त्या मुलाला काय हवे होते, ते मला तेव्हा कळले. प्रश्न त्याच्या मनात आधीपासून होता. तो विचारायला त्याला एक श्याम हवा होता, आणि ऐकायला शेजारी बसलेले गुरुजी हवे होते.

तो मुलगा पुढे शिकला, दहावी झाला, एवढे मला ठाऊक आहे. त्या शाळेच्या कपाटाला आता कुलूप नसते, असे गुरुजी सांगतात. आपल्या गावच्या शाळेतले कपाट उघडे आहे की नाही, ते आपण एकदा जाऊन पाहावे, इतकी विनंती करून मी आपली रजा घेतो.